बारूदकोठीचा दुसरा पंचनामा

गेली पन्नास वर्षं माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. पोलीस लाइनीत सांगितली, लग्नाच्या मांडवात सांगितली, माझ्या निरोप समारंभात तर दोघांनी सांगितली. एकदा एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी माणसानं ती मलाच सांगितली. दुष्काळात एका सुरुंगवाल्यानं ओव्हरसियरला बारूदकोठीत कोंडलं, आणि एका जमादारानं खिडकीखाली बसून, खोटाच कागद लिहून त्याला असं काही बनवलं, की गडी गुमान बाहेर आला. "काय डोकं असंल त्या जमादाराचं!" तो म्हणाला. मी "व्हय" म्हणालो आणि पुढच्या थांब्यावर उतरलो. माझं गाव अजून दोन थांबे पुढं होतं.

तो जमादार मीच. आणि कागद खोटा नव्हता.

या अंकाच्या संपादकांनी नोकरीतले थरारक अनुभव मागितले, तेव्हा मी लगेच हो म्हणालो ते एवढं सांगण्यासाठी. पण आधी थोडं धंद्याबद्दल बोलतो. माझं वय चौऱ्याऐंशी आहे, या वयात माणूस एकदम मुद्द्यावर येत नाही.

कुणी कुणाला ओलीस धरलं, तर त्याच्याशी कसं बोलावं याचं आता वेगळं शिक्षण देतात म्हणे. आमच्या वेळी बोलण्याचं शिक्षण म्हणजे दरडावण्याचं शिक्षण. बाकीचं जो तो अंगावर घेऊन शिकला. मी शिकलो ते इतकंच: आधी खाली बसावं. बसलेल्या माणसाची भीती कमी वाटते. मग मोठं काही न विचारता बारीकसारीक विचारावं. चहा घेतला का, पाय दुखतो का. आणि आपल्या हातात नाही ते द्यायचं कबूल करू नये.

हे सगळं जिथं फुकट गेलं, असंही एक प्रकरण सांगतो. ऐंशीच्या दशकात माझी बदली मुरुमच्या बाजूला झाली होती. एका सोसायटीची निवडणूक होती. कोणती ते सांगत नाही, सगळीकडं तेच चाललेलं असायचं. एके दिवशी एक बाई ठाण्यात रडत आली. नवरा पाच दिवस गायब, मतदानाच्या आधी त्याला पळवून नेलंय. शोधत शोधत आम्ही एका धर्मशाळेत पोचलो. दाराला बाहेरून कुलूप, आत वीस-बावीस मतदार. मी खिडकीतून हळूच विचारलं, "शिवाप्पा, घाबरू नका. तुम्हाला सोडवायला आलोय."

शिवाप्पा उठून खिडकीशी आला. अंगात नवा सदरा, तोंडात पान. म्हणाला, "जमादार, परवा या की. उद्या श्रीखंड हाय."

"अहो, बायको रडतीया तुमची."

"रडू द्या. लगीन झाल्यापास्नं पहिल्यांदा रडली माझ्यापायी."

मी तसंच बायकोला जाऊन सांगितलं. तिनं डोळे पुसले, माझ्यासोबत आली, आणि खिडकीतून जे बोलली ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. शिवाप्पा दहा मिनिटांत बाहेर. तात्पर्य, माणसं बाहेर काढली ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणीतरी, आणि नाव पोलिसाचं झालं. बारूदकोठीचंही तेच.

आता पंचनामा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. घटना घडली त्या जागी दोन तटस्थ माणसं उभी करायची. ते पंच. जे दिसतं ते त्यांच्या डोळ्यांदेखत लिहायचं, त्यांना वाचून दाखवायचं, आणि मग त्यांची सही किंवा अंगठा घ्यायचा. हा क्रम कायद्याचा. आमचा क्रम उलटा. उन्हात कोण थांबणार? दोन माणसं धरायची, कोऱ्या कागदाच्या तळाशी त्यांचे अंगठे उठवायचे, त्यांना कामावर पिटाळायचं, आणि आपण झाडाखाली बसून वरची जागा भरायची. कधी मजकूर संपायचा आणि अंगठा खालीच राहायचा. मधे मोकळी जागा ठेवणं वाईट, तिथं मागाहून कुणीही काहीही लिहील. मग अक्षर मोठं काढायचं, नाहीतर आणखी दोन वाक्यं घालायची. याला आम्ही कागद भरणं म्हणायचो. आम्हाला त्यात काही वाईट वाटत नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळाचा दुसरा उन्हाळा. बालाघाटाच्या उतारावर एका पाझर तलावाचं काम चालू होतं. आसपासच्या गावांतली शेकडो माणसं तिथं खडी फोडत होती, माती वाहत होती. दुपारी सुकडी, म्हणजे सरकारी कोरडा खाऊ, मिळायची, त्यावर घरं चालली होती. पायाला काळा पाषाण लागला, म्हणून सुरुंग आले. सुरुंग लावणारे दोघे भाऊ होते, किसन आणि भागवत वाघमारे. बौद्धवाड्यातले. किसन थोरला, तेरखेड्याला फटाक्यांच्या कामावर राहून बारूद शिकलेला. डाव्या हाताची दोन बोटं तिथंच गेली होती. त्यांची आई सोजरबाई कामावर पाणी वाटायची.

सुरुंगाचं काम असं: खडकात भोकं पाडायची, प्रत्येकात बारूदाची कांडी ठासायची, प्रत्येकाला वात. एकानं सगळ्या वाती ओळीनं पेटवायच्या आणि आडोशाला जायचं. दुसरा लांब बसून मोजतो. पाच पेटवले आणि चारच वाजले, तर कुणी जागचं हलायचं नाही. त्या दिवशी मोजायला किसन होता आणि पेटवायला भागवत. पहिला वाजला तेव्हा भागवत चौथ्यावर वाकलेला होता.

मी सायकलवरून पोचलो. भागवतला घोंगडीखाली ठेवलं होतं. वातीचे उरलेले तुकडे मी पाहिले; तीन हातांची वात एका हातावर आणली होती. ओव्हरसियर माने मला बाजूला घेऊन गेले. चांगला माणूस होता, हे मी नीट लिहिलं पाहिजे. म्हणाले, "वातीचा नवा साठा आला नाही. मीच कापायला सांगितली. जमादार, हे कागदावर आलं तर चौकशी लागेल, काम बंद पडेल. या माणसांनी खायचं काय? तुम्ही बघा काहीतरी."

मी बघितलं. दोन मजुरांचे अंगठे आधीच घेतले होते. लिंबाखाली बसून लिहिलं: मयत इसम सुरुंग पेटवत असता निष्काळजीपणाने जागीच मयत. वातीचा उल्लेख नाही. मजकूर संपला आणि अंगठ्यांच्या वर दोन ओळींची जागा उरली. त्या दोन ओळींत मी लिहिलं: मयत हा घटनेच्या वेळी दारूच्या नशेत असल्याचे दिसून येते.

मान्यांनी हे सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. तसा वासही नव्हता. आपण फार मोठं खोटं लिहितोय असं मला तेव्हा वाटलंही नाही. त्या वस्तीतला माणूस म्हणजे प्यायलेला असणारच, असं मी जन्मापासून ऐकत आलो होतो. माझे वडील मेंढरं राखायचे. आम्ही काही कुठले मोठे नव्हतो. पण आपल्याहून खालचं कुणी मनात धरून ठेवायला मोठं असावं लागत नाही.

तीन आठवड्यांनी सोजरबाई आणि किसन मृत्यूच्या दाखल्यासाठी तालुक्याला गेले. तिथं कारकुनानं कागद वाचून दाखवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सुकडीच्या सुट्टीत, किसननं मान्यांना कांड्या मोजायच्या म्हणून कोठीत बोलावलं आणि आतून अडसर घातला. कोठी म्हणजे दगडी भिंतींची, पत्र्याची एक खोली, वस्तीपासून दूर, एकच गजाची खिडकी. आत दोन पेट्या कांड्या, आणि किसनच्या हातात काडेपेटी.

मी आणि माझा शिपाई सत्तार पोचलो तेव्हा सगळी माणसं माळावर लांब उभी होती, अगदी गप्प. सत्तारला मी त्यांच्याकडं थांबवलं. तालुक्याला निरोप गेला होता, पण फौजदार साहेबांची जीप यायला तीन तास तरी लागणार होते. मी खिडकीपासून दहा हातांवर गेलो आणि खाली बसलो.

"किसन, पाणी प्यालास का?"

"प्यालो. सायबालाबी पाजलंय. तुमी तुमचं बोला."

"बाहेर ये. तुझं म्हणणं वर कळवतो."

"वर कशाला? कागद तुमी लिवला नव्हं?"

आणि इथं मी चूक केली. म्हणालो, "मी नाही, तो मजकूर वरून आला." आत काडी ओढल्याचा आवाज झाला. काडी जळून विझली असावी, कारण किसनचा आवाज आला, "ही एक गेली. पेटीत लई हायेत. पुन्यांदा खोटं बोला."

तेवढ्यात मागून सोजरबाई आली. तिला कुणी अडवलं कसं नाही ते मला आजही ठाऊक नाही. बहुधा तिच्या डोक्यावर पाण्याची घागर होती, म्हणून सवयीनं सगळे बाजूला झाले असतील. ती सरळ खिडकीखाली गेली, घागर उतरवली आणि भिंतीला टेकून बसली. मला म्हणाली, "जमादार, अलीकडं या. त्याला वरडून सांगायचं न्हाय. सुरुंगवाला हाय, कान लावून बसायची सवय हाय त्याला. तुमचा आवाज कुठं हलतो ते कळतंय."

मी सरकलो. तिच्या शेजारी, भिंतीला टेकून. पाठीमागं एका भिंतीपलीकडं दोन पेट्या कांड्या.

"मावशी, याला समजावा."

"काय समजावू? त्यो काय येडा हाय? छप्पन सालाला ह्येंच्या बापानं दीक्षा घेतली. त्याआधी लई पीत हुता, मला मारायचा. दीक्षा घेतली आन् त्या दिसापास्नं थेंब न्हाय. पोरं सांजच्याला पंचशील म्हणायची. भागवत पाचवं, दारू न पिन्याचं शील मोठ्यानं म्हणायचा, बापाला ऐकू जावं म्हणून. आन् त्याच्या नावापुढं तुमी दारू लिवली." ती रडत नव्हती. मला माहिती देत असावी तशी बोलत होती.

आतून माने बोलले. आवाज बसलेला. "किसन, काम बंद पडलं असतं रे. एवढ्या माणसांचं..."

"ते कळतंय मला, सायेब. काम वाचवलं तुमी. वात न्हाय लिवली, ठीक हाय. नुसतं मेला असं लिवायचं. दारू कशापायी?"

माने म्हणाले, "दारूचं मी सांगितलं नाही." माळावरून एखादं पोर रडल्याचा आवाज येत होता तेवढाच.

"जमादार," किसन म्हणाला. "दारू कशापायी?"

सोजरबाई माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "जागा उरली होती."

"काय?"

"अंगठे आधी घेतले होते. मजकूर संपला, दोन ओळींची जागा उरली. ती भरायची म्हणून लिहिलं. बाकी काही कारण नाही. भागवतच्या तोंडाला वास नव्हता, किसन. मी घोंगडी बाजूला करून पाहिलं होतं."

मला वाटलं, आता संपलं. आणि संपलं तर ते बरोबरच आहे, असंही वाटलं.

मग सोजरबाई भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "किसन, आता खरं बोलला त्यो. म्या तोंड बघतीया त्याचं. आता लिवून घे."

किसन म्हणाला, "दोन वळी?"

"व्हय. दोन ओळी."

"मग आता समदा कागद लिवा. पयल्यापास्नं. आन् मोठ्यानं वाचत लिवा."

मी पिशवीतून कागद काढले, मधे कार्बन घातले. मांडीवर ठेवायला पाट नव्हता. सोजरबाईनं घागरीवरची लाकडी झाकणी दिली. मी एकेक वाक्य म्हणत लिहू लागलो. किसन आतून दुरुस्त करायचा. "तीन हाताची वात, एक हातावर कापली. कुणी कापायला सांगितली ते लिवा." मी थांबलो. माने म्हणाले, "लिहा. ओव्हरसियर माने यांच्या सांगण्यावरून." पहिला सुरुंग कधी वाजला, भागवत कुठं होता, सगळं. शेवटी किसन म्हणाला, "आता दारूचं." मी लिहिलं: मयताने दारू प्यालेली नव्हती. पूर्वीचा उल्लेख माझ्या मनाने लिहिला होता. त्याखाली माझी सही केली.

मग पंच. सत्तारनं दोन मजूर आणले. मी सगळा मजकूर त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवला, आणि मग अंगठे घेतले. पंधरा वर्षांच्या नोकरीत त्या क्रमानं मी केलेला तो पहिला पंचनामा. कागद गजातून आत गेला, मान्यांनी सही केली, कागद बाहेर आला. कार्बनची एक प्रत किसननं आईला द्यायला लावली. तिनं ती घडी घालून पदराच्या गाठीत बांधली. त्यानंतर खिडकीतून काडेपेटी बाहेर आली, तीही आईच्याच हातात. अडसर निघाला. आधी माने आले, मागून किसन. मान्यांच्या हातात किसनचा पाण्याचा तांब्या होता, तो तसाच धरून ते उभे राहिले.

इथपर्यंत मी जे केलं त्याची मला लाज नाही.

फौजदार साहेब आले, त्यांनी कागद वाचला, खिशात घातला आणि माझी पाठ थोपटली. "वा जमादार! झकास युक्ती." मी तोंड उघडलं आणि मिटलं. दुसरा पंचनामा खरा, तर पहिला खोटा. आणि पहिल्यावर माझी सही होती. नोकरी गेली असती. घरी सहा माणसं होती आणि वर दुष्काळ. ही कारणं मी स्वतःला पुष्कळदा सांगितली आहेत. ती खरी आहेत, पण पुरत नाहीत.

कोर्टात मान्यांनी सांगितलं की किसननं आपल्याला बोटही लावलं नाही, पाणी पाजलं. त्यानं शिक्षा कमी झाली. वातीबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही. मला मात्र विचारलं. "हा दुसरा कागद तुम्ही खरा म्हणून लिहिलात?" मी म्हणालो, "ओलिसाचा जीव वाचवण्यासाठी केलेली ती युक्ती होती." पिंजऱ्यातून किसननं माझ्याकडं पाहिलं नाही. तो खाली बघत होता. मोजत असल्यासारखा.

बाहेर पायऱ्यांवर सोजरबाई बसली होती. मला टाळता आलं नाही. ती म्हणाली, "जमादार, त्या दिशी लिवताना तुमचा हात लई कापत हुता. आज बोलताना कापला न्हाय. खरं कोणचं, ते मला ठाव हाय. तुमालाबी हाय." आणि ती उठून गेली. मला बक्षीस मिळालं, पुढं बढतीही मिळाली. गोष्ट जिल्हाभर झाली.

ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला माझ्या धाकट्या भावानं शेतात विहीर काढायला घेतली. पाषाण लागला, सुरुंगवाला बोलावला. मी सुट्टीवर गावी गेलो तर विहिरीच्या काठावर किसन. केस पांढरे झालेले. भावाला काही माहीत नव्हतं. किसनला मात्र शेत कुणाचं ते आल्याच दिवशी कळलं होतं, तरी तो आठ दिवस काम करत होता.

मी जवळ गेलो. तो म्हणाला, "जमादार, त्या बांधापल्याड जा. वात लांब ठेवलीय, पर दगूड लांब जातो."

"किसन, माझ्यावर राग असेल तुझा."

"हाय की." तो वात कापत होता, तीन हात मोजून. "पर पानी काय तुमच्या एकट्याचं हाय व्हय? आख्खी वाडी पिणार."

सुरुंग वाजले. आम्ही दोघं बांधाआड बसून मोजले. सहा पेटवले होते, सहा वाजले. तिसऱ्या दिवशी पाणी लागलं. ती विहीर आजवर आटलेली नाही; चाळीस वर्षं मी तिचं पाणी पितो आहे. माझ्या आयुष्यात मला जे जे चांगलं मिळालं, त्यात या विहिरीचा नंबर फार वरचा आहे, आणि ज्यानं दिली त्याच्याशी मी कोर्टात असा वागलो होतो. त्या दिवशीही मी किसनला म्हणालो नाही, की चल, मी कागद दुरुस्त करतो. भाकरी खाल्ली, तंबाखू दिली, गप्प बसलो.

किसन गेला, सोजरबाई त्याच्याआधी गेली. माने कुठं असतील माहीत नाही. त्या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. मान्यांनी त्या दुपारी आतून सही केली नसती, सोजरबाई घागर घेऊन आली नसती, किसननं माझ्या एका खऱ्या वाक्यावर विश्वास ठेवला नसता, तर मी हे लिहायला राहिलो नसतो. मी कुणालाही वाचवलं नाही. वाचवला गेलो तो मी.

हा मजकूर छापायला देण्याआधी मी धाराशिवला जाऊन भागवतच्या मुलीला भेटलो. सुमनताई. सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, आता स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे. बाप गेला तेव्हा दोन वर्षांच्या होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आत जाऊन एक कागद घेऊन आल्या. निळा कार्बन, घड्यांवर फाटलेला. आजीनं मरताना सांभाळायला दिला होता. खालची माझी सही अजून वाचता येत होती.

मी माझं सगळं लिखाण त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही. शेवटी म्हणाल्या, "एक बदल करा. सगळ्या कागदांत तुम्ही 'मयत इसम' लिहिलंय. माझ्या वडिलांना नाव होतं."

तो बदल करून, पंचनामा पुन्हा लिहितो:

सुरुंग लावणारे भागवत सटवा वाघमारे हे पाझर तलावाच्या कामावर वाती पेटवत असताना मरण पावले. वात तीन हात हवी होती; ती एक हात होती. भागवत सटवा वाघमारे यांनी दारू प्यालेली नव्हती. त्या दिवशी नाही, आणि कधीच नाही. तसे मी लिहिले, ते खोटे लिहिले. पुढे कोर्टात त्याहून खोटे बोललो.

सुमनताईंनी हे माझ्या हातून घेतलं, दोनदा वाचलं, आणि मग सही करायला पेन मागितलं.